वळचणीचा हक्क

रसिक : बोरीबंदरापासून हुतात्मा चौकापर्यंत दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून, आडव्या गल्ल्या ओलांडताना अंगावर पडतील तेवढे चार थेंब सोडले तर कोरड्या डोक्याने, भर आषाढात जो चालत गेला आहे, त्याला या शहराने एके काळी पायी चालणाऱ्याचाही विचार केला होता याची खात्री पटल्यावाचून राहत नाही. त्या वाटेवर आणि तिच्या पाठीमागच्या गल्ल्यांत जी दुकाने लागतात, चष्मेवाल्याचे, घड्याळजीचे, रबरी शिक्के करून देणाऱ्याचे, छायाचित्रणाच्या सामानाचे, वह्या-फायलींचे, त्यांतल्या पुष्कळांच्या गल्ल्यावर आजही मालक स्वतः बसतो. कोणता माल ठेवावा, कोणाला उधारी द्यावी आणि कोणाला नुसती मान हलवून वाटेला लावावे, याचा निर्णय तो दूरच्या कोणा मुख्य कचेरीला न पुसता जागच्या जागी घेतो. माझे म्हणणे इतकेच, की ऐतिहासिक कमानींखाली अशी दुकानदारी टिकून राहणे ही निव्वळ व्यापाराची बाब नसून नागर संस्कृतीची बाब आहे, आणि तिच्यासाठी समाजाला काही तोशीस सोसावी लागली तरी ती वाजवीच मानली पाहिजे.

हिशेबी : तोशीस समाज सोसतच नाही, हीच तर मेख आहे. ती सोसतो इमारतीचा मालक, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. तुमच्या स्वतंत्र दुकानदाराचे स्वातंत्र्य कशाच्या पायावर उभे आहे, याचे दप्तर एकदा उघडून पाहा. १९४७ च्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी गाळ्याचे जे भाडे होते तेच प्रमाण भाडे ठरवले; महायुद्धानंतरच्या टंचाईत काही वर्षांपुरता म्हणून योजलेला हा उपाय मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत अर्धे शतक चालला; अखेर १९९७ च्या डिसेंबरात, हे गोठवलेले भाडे आता अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, तेव्हा कुठे नवा कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि त्यानेही दरसाल चार टक्क्यांपलीकडे वाढीची मुभा दिली नाही. मूळ रक्कमच चहापाण्याच्या खर्चाएवढी असेल तर तिच्या चार टक्क्यांत मालकाने कोणता गिलावा करायचा? गाळ्याची खरी किंमत वसूल होते ती कूळ पालटताना, पागडीच्या रूपाने. ती पूर्वी चोरून घेत, नव्या कायद्याने ती उजळ माथ्याने घेता येऊ लागली, एवढाच काय तो फरक. मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची, आणि भाव मात्र तिसऱ्याच कुणाशी ठरायचा, अशा या व्यवस्थेला स्वातंत्र्य म्हणण्यापेक्षा सनद म्हणावे हे बरे. इनामदाराला आपण कर्तबगार शेतकरी म्हणत नाही.

रसिक : सनद म्हणा, माझी हरकत नाही. पण मग त्या कमानीलाही सनदच म्हणावे लागेल. १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत, किल्ल्याचा तट पाडला गेला आणि त्यातून हॉर्नबी रोडला, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्याला, हे रुंद रूप येऊ लागले. पुढे १८९६ साली सरकारने नियम केला, की या रस्त्यावर जो कोणी इमारत बांधील त्याने तळमजल्याशी पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी ठेवलीच पाहिजे. वरती कोणी गॉथिक मनोरे चढवले, कोणी ग्रीक-रोमन धाटणीचे स्तंभ उभारले, कोणी मोगली घुमट आणि महिरपी आणल्या. त्यात कोणी कोणाला अडवले नाही. म्हणूनच त्या रस्त्यावर एका इमारतीचे तोंड दुसरीसारखे नाही, आणि तरीही पायाशी सगळ्या एका ओळीत, एकमेकींचा हात धरून उभ्या आहेत. तेव्हा बाजारावर सर्वस्वी सोपवले असते तर वाटसरूसाठी एक वीत जागा तरी सुटली असती काय? जी वस्तू जन्मालाच हुकमाने आली, तिच्या आतली दुकानदारी हुकमावर जगते म्हणून तिला हिणवण्यात काय हशील?

हिशेबी : दाखला उत्तम आहे, पण तो माझ्या बाजूने साक्ष देतो. १८९६ चा नियम बांधण्यापूर्वी ठाऊक होता आणि त्या रस्त्यावर येणाऱ्या सर्वांना सारखा होता. शिवाय त्याच्या मोबदल्यात मालकाच्या पदरात काहीतरी पडत होते, कारण सावलीतून रेंगाळत चालणारी गर्दी ही त्याच्याच काचेच्या कपाटांपुढून जायची. तो देवाणघेवाणीचा करार होता. १९४० च्या भाड्याचा हुकूम इमारती उभ्या राहिल्यावर आला, आणि त्याने घेतले तेवढे, दिले काहीच नाही. आता दुसरी गोष्ट. या कमानी लहान दुकानदारासाठी बांधल्या होत्या असा जो भास तुमच्या बोलण्यातून होतो, तो इतिहासाला धरून नाही. त्या काळी इथली मातबर पेढी कोणती? व्हाइटअवे लेडलॉ, साऱ्या पूर्वेकडे जिच्या शाखा पसरल्या होत्या आणि जिचा व्यवहार आजच्या भाषेत साखळी-दुकानाचाच होता. त्या इमारतीत पुढे खादी भांडार आले. या बदलाचा तुम्हाला आनंदच वाटत असेल, मलाही वाटतो. पण त्या वेळी तुमच्यासारखा एखादा सहृदय गृहस्थ पुढे होऊन म्हणाला असता, की जुनी दुकाने हीच शहराची शान आहे, त्यांना हलवू नका, तर खादीला तिथे पाऊल तरी ठेवता आले असते काय?

रसिक : खादी तिथे आली ती भाड्याच्या लिलावात अधिक बोली लावून नव्हे, हे तुम्हीही जाणता. स्वदेशीची चळवळ झाली, राज्य पालटले, गिऱ्हाइकाच्या अंगावरचे कापड पालटले, आणि त्यामागोमाग दुकान पालटले. असा बदल मला नेहमीच मान्य आहे. मी भितो तो वेगळ्या बदलाला. भाडे मोकळे सोडल्यावर काय होते हे मिलान शहरात जाऊन पाहावे. तिथला व्हिक्टर इमॅन्युएलच्या नावाचा काचेच्या छताचा भव्य बाजार नगरपालिकेच्याच मालकीचा आहे, आणि गाळे अलीकडे बोली लावून दिले जातात. २०१२ साली मॅक्डोनाल्डचा भाडेपट्टा संपला, तेव्हा ती जागा कोणा मिलानी पावभाजीवाल्याला मिळाली नाही. ती प्राडाला मिळाली. एका धनिकाच्या जागी अधिक धनिक. छप्पर तेच, फरशीवरची रंगीत चित्रे तीच, आणि खाली खरेदी करण्याची ऐपत असलेले लोक मात्र शहरातल्या लोकांपेक्षा निराळेच. लंडनचे बर्लिंग्टन आर्केड तर १८१९ पासून आजतागायत आपले स्वतःचे गणवेशधारी रखवालदार बाळगून आहे, आणि त्या छताखाली शीळ घालण्यास मनाई असल्याचे सांगतात. आमच्या कमानीत रखवालदार नाही. शीळच काय, तुम्ही खिसा रिकामा असताना तासभर नुसते उभे राहिलात तरी कोणी तुम्हाला हटकणार नाही.

हिशेबी : मिलानच्या नगरपालिकेच्या तिजोरीत त्या भाड्याचे पैसे पडतात, आणि ते शाळांवर, ट्रामवर, म्हाताऱ्यांच्या दवाखान्यांवर खर्च करता येतात, हे तुम्ही सोयीस्करपणे वगळलेत. आपल्याकडे याच मुद्द्यावर एक थोर माणूस केव्हाच बोलून गेला आहे. पुण्यात रे मार्केटची ती मनोऱ्याची इमारत उभारण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता; बाजाराच्या डामडौलापेक्षा तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, ही त्यांची दृष्टी. इमारत १८८६ साली उघडली ती उघडलीच. पुढे तिला त्यांचेच नाव दिले गेले, आणि मुंबईतल्या १८६९ च्या क्रॉफर्ड मार्केटलाही त्यांचेच. ज्याने दगडी शोभेवर पैसा घालण्यास हरकत घेतली, त्याचे नाव दोन शहरांतल्या सर्वांत शोभिवंत मंडयांच्या कपाळावर कोरलेले आहे. नामकरणे अशीच होत असतात. मला त्या विनोदाशी कर्तव्य नाही. माझा प्रश्न फुल्यांचाच आहे : या तुमच्या नागर संस्कृतीची किंमत कोण देतो आणि तिचा उपभोग कोण घेतो? पाऊस चुकवीत, दुकानांच्या काचेत डोकावीत, जुन्या पाट्या वाचीत जाणारा सुशिक्षित मनुष्य उपभोग घेतो. मोलकरणीला घड्याळजीची रम्यता कशाला हवी?

रसिक : मोलकरणीच्या मुलाला चष्मा हवा असतो. तेवढ्यावरच बोलू. चष्म्याच्या दांडीचा बारीक स्क्रू गळून पडतो आणि दांडी लोंबू लागते, हा प्रसंग ज्याच्यावर ओढवला आहे त्याने ती वस्तू घेऊन झगमगीत दुकानात जाऊन पाहावे. तिथला नेटका मुलगा अदबीने सांगतो, की या फ्रेमचे सुटे भाग येत नाहीत, नवी फ्रेम दाखवू काय? कमानीतल्या जुन्या चष्मेवाल्याकडे गेलात तर तो आधी एक शब्द बोलत नाही. खणातून पत्र्याची चपटी डबी काढतो, तिच्यात आजवर मोडलेल्या चष्म्यांतून जमवलेले शेकडो स्क्रू असतात, त्यांतला एक चिमट्याने उचलून भिंगाखाली धरतो, तो आटे घेत नाही असे पाहून दुसरा उचलतो, बसवतो, लांबी जास्त वाटली तर टोक कानशीने घासतो, आणि दोन्ही दांड्या मिटून-उघडून पाहून चष्मा तुमच्या हातात देतो. पैसे विचारले तर कधी दहा रुपये सांगतो, कधी हातानेच राहू द्या म्हणतो. त्या डबीची किंमत कोणत्या ताळेबंदात धरायची? साखळी-दुकान ती ठेवीत नाही, कारण डबी ठेवण्यात तोटाच आहे; आणि हा ठेवतो, कारण त्याचे भाडे कमी असल्यामुळे तोट्याचे एक काम करण्याची फुरसत त्याला आहे. तुम्ही ज्याला सनद म्हणता, तिचे पीक हे आहे.

हिशेबी : चष्मेवाल्याचे चित्र खरे आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु कमी भाड्यातून हेच पीक निघते असे कोठे आहे? त्याच भाड्याच्या गाळ्यात शेजारी एखादा वारस बसलेला असतो, जो दुपारी बाराला फळ्या काढतो, सहाला लावतो, मालाच्या धुळीवर बोटाने हिशेब मांडता येईल इतकी धूळ साचू देतो, आणि गिऱ्हाइकाने काही विचारले तर ते आमच्याकडे नाही असे वर न पाहता सांगतो. त्याला विकायची घाई नाही, कारण पागडीचा भाव बसल्या जागी वाढतो आहे. एकाच कायद्याने डबी ठेवणाराही पोसला आणि धूळ ठेवणाराही. निवडून पोसण्याची सोय त्यात नाही. शिवाय दुकाने मरतात ती बहुतेक वेळा भाड्याने मरतच नाहीत. काळ्या घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले ते गाणी ऐकण्याची रीतच पालटली म्हणून. फोर्टातला स्ट्रँड बुक स्टॉल, ज्याने पिढ्यान् पिढ्यांना सवलतीत पुस्तके देऊन वाचायला लावले, तोही २०१८ साली मिटला. त्यांच्या बातम्या आल्या तेव्हा हळहळणाऱ्यांची जेवढी गर्दी झाली, तेवढी गिऱ्हाइकांची आधीची दोन वर्षे होती काय?

रसिक : नव्हती, हे उघड आहे. पण म्हणून भाड्याचा प्रश्न सुटत नाही, तो उलट बिकट होतो. कारण खप घटत असताना ज्याचे भाडे बाजारभावाचे असेल तो पहिल्याच मंदीत जातो, आणि ज्याचे कमी असेल त्याला निदान नवा धंदा शोधायला चार वर्षे मिळतात. आणि कायदा तुम्ही म्हणता तितका आंधळाही नाही. नव्या कायद्याने बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या, आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या, यांच्यापुरते भाड्याचे संरक्षण काढून घेतले. लहानाला सावली आणि मोठ्याला ऊन, हा भेद त्याने केलेलाच आहे.

हिशेबी : आणि त्या भेदाचा परिणाम काय व्हायचा तो तुम्ही मिळकतदाराच्या जागी बसून पाहा. गाळा मोकळा झाला. दारात दोन जण उभे आहेत : एक तुमचा होतकरू पुस्तकविक्या, ज्याला एकदा आत घेतले की तो आणि त्याचा मुलगा कायद्याच्या आश्रयाने बसणार, दुसरी एक बँक, जी बाजारभावाने भाडे देईल आणि मुदत संपली की उठेल. कोणाच्या हाती किल्ली द्याल? लहानाचे रक्षण करणारा कायदाच नव्या लहानाला उंबऱ्याबाहेर ठेवतो. जे आधीच आत आहेत ते तगतात, त्यांच्यासारखे पुन्हा येत नाहीत. जुन्यांचे कौतुक करताना, कमानीखाली अगदी नवे, तरुणाने उघडलेले, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो असे दुकान तुम्हाला किती दिसते, याचाही विचार करा.

रसिक : तरुण कमानीखाली आहेत, फक्त काचेच्या आत नाहीत, बाहेर आहेत. खांबाला साखळीने बांधलेले घडीचे टेबल, त्यावर मोबाइलची वेष्टने, अत्तराच्या बाटल्या, पट्टे, गॉगल, आणि पाऊस वाढला की क्षणात वर ओढायचा निळा प्लास्टिकचा कागद. खरा स्वतंत्र दुकानदार शोधायचा असेल तर तो हा. याला ना प्रमाण भाडे, ना पागडी, ना वारसाहक्क.

हिशेबी : हे तुम्ही बोललात ते बरे झाले, कारण इथेच तुमची दोन प्रेमे एकमेकांच्या आड येतात. तो फेरीवाला ज्या जागेवर उभा आहे, तीच जागा १८९६ च्या नियमाने पायी चालणाऱ्याला दिली होती. मालकाने सोडलेली पडवी टेबलाने अडवली, उरलेल्या अर्ध्यातून खांदे घासत लोक जातात, आणि ज्याला घाई आहे तो पावसात खाली रस्त्यावर उतरतो. आतला चष्मेवाला तक्रार करतो, की माझे काचेचे कपाट दिसेनासे झाले. आणि तोच चष्मेवाला, किंवा त्याचा शेजारी, रात्री त्या फेरीवाल्याचे गाठोडे चार पैसे घेऊन आपल्या गाळ्यात ठेवतो, असेही चालत असते. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांना नोंदणीचा आणि जागेचा हक्क देऊ केला. २०१७ साली उच्च न्यायालयाने रेल्वे-स्थानकांपासून दीडशे मीटरांत त्यांना मनाई केली, आणि बोरीबंदराच्या समोरचा कमानींचा भाग त्या टप्प्यात येतो. शतक पालटण्याच्या सुमारास याच रस्त्यावर दुकानांच्या अवाढव्य पाट्या उतरवून त्या कमानीच्या मापात बसवण्याचे मोठे काम झाले, ते स्तुत्यच होते. पण पाटी मापात बसवता येते, माणूस कोणत्या मापात बसवायचा? तुम्हाला वाटसरू हवा, दुकानदार हवा, फेरीवालाही हवा. छप्पर मात्र एकच आहे.

रसिक : तिघेही हवेत, आणि ते पूर्वीपासून कुरबुरत का होईना एकत्र नांदत आले आहेत. फेरीवाला उठवला की दुकानदाराला दोन महिने बरे वाटते, मग त्याच्या ध्यानात येते की फेरीवाल्यापाशी थबकणारी गर्दीच आपल्याकडे वळत होती. मला त्यांचे भांडण मिटवायचे नाही. भांडण चालू आहे म्हणजे तिघांनाही ती जागा आपली वाटते. मिलानच्या त्या छताखाली भांडण नाही.

हिशेबी : भांडायला छप्पर शिल्लक राहिले पाहिजे, ही माझी शेवटची आणि सर्वांत मोठी हरकत. एस्प्लनेड मॅन्शन घ्या, पूर्वीचे वॉटसन हॉटेल, ज्या वास्तूत ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे कमानींच्या नियमाच्याच वर्षी, ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली. दुरुस्ती कोणी करायची, खर्च कोणाचा, या कज्ज्यात वर्षे गेली, आणि २०१९ साली ती इमारत धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. २०२० च्या जुलैत फोर्टातच एक जुनी उपकरप्राप्त इमारत कोसळून माणसे मेली. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर घेऊन मंडळ नेमण्याचा कायदा १९६९ चा आहे. म्हणजे भाड्यातून दुरुस्ती होत नाही हे सरकारने तेव्हाच कबूल केले. तुमचा चष्मेवाला ज्या भाड्यामुळे ती स्क्रूंची डबी ठेवू शकतो, त्याच भाड्यामुळे त्याच्या डोक्यावरची तुळई कुजते आहे. डबी आणि तुळई यांपैकी एकच निवडायची वेळ आली, तर तुम्ही काय कराल?

रसिक : दोन्ही राखण्याची वाट आहे, आणि ती तुमच्याच देवाणघेवाणीच्या तत्त्वातून निघते. १८९६ च्या नियमाने मालकाकडून पडवी घेऊन त्याला गर्दी दिली, असे तुम्ही म्हणालात. मग आज त्याच्याकडून भाडे घेऊन त्याला दुसरे काही द्यावे. वारसा म्हणून नोंदलेल्या इमारतीच्या मालकाला, ज्याला वर मजले चढवता येत नाहीत त्याला, बांधकामाचा तो न वापरलेला हक्क दुसरीकडे विकण्याची सवलत या शहराच्या नियमांत आहेच. ती त्याला सढळपणे द्यावी, पण अट घालावी, की येणाऱ्या पैशाचा ठरीव हिस्सा तुळईत आणि छतात गेला पाहिजे, आणि तळमजल्याचे गाळे, निकामी वारसांचे वगळून, चालत्या लहान धंद्यांकडेच राहिले पाहिजेत.

हिशेबी : निकामी कोण आणि चालता कोण, हे ठरवायला तुम्ही एक अंमलदार नेमणार, आणि डबीतले स्क्रू मोजायला तो दरसाल येणार, त्याची मुर्वत राखण्यात चष्मेवाल्याची ती फुरसत खर्ची पडेल. पण ते सोडून देऊ. विकलेला तो हक्क जातो कोठे? पूर्वी तर तो उपनगरांतच वापरण्याची मुभा होती. फोर्टातल्या कमानीवर जो मजला चढला नाही, तो घाटकोपरला किंवा मालाडला कुणाच्या तरी खिडकीपुढे चढतो, आणि ज्या गल्लीत तो चढतो तिथे ना कमान आहे, ना पावसात उभे राहायला वळचण. आधी तोशीस एका मिळकतदारावर होती, ती तुम्ही हजार अनोळखी भाडेकरूंवर टाकलीत.

रसिक : टाकली खरी, आणि ती त्यांना न विचारता टाकली, हेही खरे. तरीदेखील मी तो मार्ग सोडायला तयार नाही. फक्त आता मला असे म्हणावे लागेल, की मालाडच्या त्या नव्या इमारतीलाही तळाशी पडवी सोडण्याची सक्ती का करू नये? हॉर्नबी रोडला जे एकोणिसाव्या शतकात सुचले ते उपनगराला का सुचू नये?

हिशेबी : करा सक्ती. मग त्या पडवीच्या आतले गाळे कोणाला आणि कोणत्या भाड्याने द्यायचे, तेही त्याच हुकमात लिहावे लागेल, नाहीतर तिथे पहिल्या दिवसापासून बँकच बसेल. तो आकडा काय लिहाल, ते आधी सांगा.